मदत हवी आहे: साताऱ्यात घरातल्या सगळ्यांना मिळून स्केटिंग करायचं असेल तर?

गोडोलीची सून

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेर माझी नणंद कॅनडाहून मुलांना घेऊन साताऱ्याला येतेय. भाचा १३ वर्षांचा, भाची ९ची. तिकडे दोघंही बर्फावर स्केटिंग करतात, हिवाळ्यात शाळेतूनच नेतात म्हणे. परवा व्हिडिओ कॉलवर भाचीने विचारलं, "मामी, तुमच्याकडे रिंक आहे का?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी "आहे की! लई मोठी आहे!" असं ठोकून दिलं. आता निस्तरायचं मला.

इथे स्केटिंगचे क्लास चालतात हे माहीत आहे. संध्याकाळी हेल्मेट-पॅड चढवलेली पोरं आणि शिट्टी वाजवणारे सर दिसतात. पण तो सगळा स्पर्धेचा मामला वाटतो. तिथे आत्या, मामा, मामी, पोरं अशी अख्खी वरात घेऊन जायचं आणि तासभर नुसतं मजेत फिरायचं, हे कुठे जमतं का? मी ४१, नवरा ४४, दोघांनीही आजवर स्केट्स पायात घातलेले नाहीत. सासरे ७२चे. ते "मी नुसता बघायला येतो" म्हणतात, पण त्यांची ती नजर मला ओळखीची आहे.

दुसरं म्हणजे, खऱ्या बर्फासाठी पुण्या-मुंबईचा हेलपाटा घालण्यात अर्थ आहे का? आणि स्केट्स विकत घ्यायचे की भाड्याने मिळतात? चार चाकं जोडीजोडीने असलेले की एका रांगेत असलेले? दुकानदाराला विचारलं तर दोन्ही "बेस्ट"च आहेत.

कृष्णाकाठ

सांगलीतही हेच चित्र आहे ताई. तिकीट काढायचं, काउंटरवर स्केट्स घ्यायचे आणि आत शिरायचं, हे डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे जागा सरांची किंवा शाळेची असते आणि वेळ बॅचची. पण बॅच सुटल्यावर कोर्ट रिकामंच पडलेलं असतं, खेळ तिथे आहे.

आमच्या भावकीतली पोरं सुट्टीला जमली तेव्हा मी एका क्लासच्या सरांना प्रत्यक्ष जाऊन भेटलो. फोनवर "बघू, कळवतो" होतं, समोर गेलं की काम होतं. रविवारची सकाळची बॅच संपल्यावरचा तास त्यांनी आम्हाला दिला, स्वतः थांबले, त्यांच्याकडचे जुने स्केट्सही दिले. पैसे आधी ठरवले, त्यामुळे दोघांनाही संकोच नाही. त्यांनी घातलेला नियम तेवढा सांगतो: नवशिके मधल्या भागात, सराईत कडेने, आणि सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरायचं. उलटा एक जरी घुसला तरी टक्कर.

पोवई नाका

एवढं कशाला? हायवेचा सर्व्हिस रोड आहे की. नायतर यवतेश्वर घाट. उतारच उतार, ढकलायचीसुद्धा गरज नाही.

कृष्णाकाठ

@पोवई नाका, राव, ती वहिनी खरंच विचारतेय.

गारठा

वातानुकूलन आणि शीतगृहांच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून बर्फाबद्दल लिहितो.

साताऱ्याची थंडी बोचरी असली तरी पाणी गोठवण्याइतकी नाही. वेण्णा लेकला दव गोठल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, तेवढाच आपला बर्फ. शिमल्याला १९२०पासून उघड्यावरची रिंक आहे. तिथे रात्रीच्या थंडीत पाणी आपोआप गोठतं, आणि तिथेही ती फक्त हिवाळ्यापुरतीच. आपल्याकडे करायची तर सिमेंटच्या स्लॅबमध्ये नळ्यांचं जाळं टाकून त्यातून थंड ग्लायकॉल (शून्याखालीही न गोठणारा द्रव) किंवा मिठाचं पाणी सतत खेळवावं लागतं. बर्फाचा थर जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा, पण त्याचा पृष्ठभाग उणे पाचच्या आसपास ठेवायचा म्हणजे प्लांट रात्रंदिवस चालू. वर ब्लेडने खरवडलेला पृष्ठभाग दर थोड्या वेळाने मशीनने तासून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर द्यावा लागतो. हो, गरमच. त्याने वरचा खडबडीतपणा वितळून खालच्याशी एकजीव होतो. हे वीजबिल तिकिटातून काढायला गर्दी रोजची लागते, नुसती सुट्टीतली पुरत नाही.

म्हणून हेलपाटा घालण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे गोठवलेलं पाणी आहे की प्लॅस्टिकचे पत्रे? सिंथेटिक रिंकमध्ये जाड प्लॅस्टिकचे तक्ते एकमेकांत अडकवलेले असतात. ब्लेड चालतं, पण घर्षण जास्त आणि धारही लवकर जाते. तुमच्या भाच्याला पहिल्या पावलालाच फरक कळेल. आणि स्नो पार्क हा तिसराच प्रकार. तिथे भुसभुशीत हिम, घसरगुंडी आणि भाड्याचे कोट असतात. सात वर्षांचा तुमचा मुलगा खूश होईल, कॅनडाची पोरं मात्र विचारतील की हे बघायला इतक्या लांब कशाला आणलंत.

पूर्वी गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये खऱ्या बर्फाची रिंक होती. बोटीने खाडी ओलांडून जायचं. माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांतल्या लोकांनी बर्फावर पहिली आपटी तिथेच खाल्ली असेल. आता ते पार्कच बंद झालंय.

गोडोलीची सून

@गारठा काका, म्हणजे बर्फ बाद. सुटले. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो तुमच्यावर फारच खूश आहे.

@कृष्णाकाठ दादा, कल्पना आवडली. पण कोर्ट म्हणजे कसं? आमच्या सोसायटीचं पार्किंग रिकामं असतं, तिथेच केलं तर?

चाकोरी

मी कराडला मुलांना शिकवतो. पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतील तर विसरा, प्रत्येक फटीत चाक दचकतं आणि नवशिका तोंडावर येतो. गुळगुळीत घोटलेलं सिमेंट असेल तर उत्तम, फक्त गाड्यांच्या ऑइलचे डाग आधी धुवून वाळवून घ्या. गच्ची नको. कठडा हा आधार वाटतो, पण पोरं वेगात येऊन त्यावरच आदळतात. बॅडमिंटनच्या लाकडी कोर्टवर तर कुणी जाऊच देणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आता मुख्य मुद्दा. इथे सगळ्यांना तुमच्या यजमानांची काळजी वाटेल, मला भाच्याची वाटते. नवशिका घाबरून हळू जातो आणि जागच्या जागी बसतो. बर्फावर शिकलेल्या मुलाला तोल येतो, वेग येतो, वळणं येतात, त्यामुळे पहिल्या मिनिटाला तो सुसाट सुटतो. आणि मग थांबायची वेळ येते. बर्फावर दोन्ही पाय आडवे केले की ब्लेड बर्फ खरवडतं आणि माणूस जागेवर थांबतो. चाकं तशी घसरत नाहीत, ती जमीन धरतात. पाय आडवा केला की चाक थांबतं आणि अंग पुढे जातं. चांगली तयार पोरं अशी पडलेली मी पाहिली आहेत.

म्हणून भाच्यांना इनलाइन द्या, म्हणजे एका रांगेतली चाकं. ब्लेडची सवय असल्याने ती त्यांना लगेच जमतील. पण पहिली पंधरा मिनिटं फक्त थांबण्याची. एका स्केटच्या टाचेमागे रबराचा ब्रेक असतो. तो पाय पुढे काढायचा, पंजा किंचित उचलायचा, गुडघे वाकवून टाच दाबायची. काही स्पर्धेच्या स्केट्सना तो ब्रेक नसतोच, तेव्हा सरांकडून घेताना बघून घ्या. ब्रेक नसेल तर मागचा पाय आडवा धरून हलकेच ओढत न्यायचा, तेही आधी शिकवा.

तुम्ही, यजमान आणि छोटा यांना क्वाड, दोन पुढे दोन मागे. दुकानात ज्याला टेनासिटी म्हणतात तेही चालतील, लांबी कमी-जास्त करता येते, एक जोडी दोघांत फिरते. उभं राहायला क्वाड सोपं. त्याचा ब्रेक मात्र पुढे, बोटांखाली असतो. म्हणजे एकाच कोर्टवर काहींचा ब्रेक पुढे आणि काहींचा मागे. एकमेकांना ओरडून शिकवायला जाऊ नका, गोंधळ होईल.

एका तासासाठी विकत घेऊ नका. मुलाला नाद लागला तर पुढे बघा. आणि नाद लागू शकतो बरं का. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत चाकांवरच्या स्केटिंगमध्ये भारताच्या मुलांना आणि मुलींना, दोघांनाही ३००० मीटर रिलेत ब्राँझ मिळालं. २०२५मध्ये आनंदकुमार वेलकुमार १००० मीटर स्प्रिंटमध्ये जगज्जेता झाला.

हाडांचा डॉक्टर

चाकोरींचं सगळं मान्य, पण यजमानांची काळजी मी सोडणार नाही. चाळिशीनंतरचा माणूस मागे पडताना हात मागे टेकवतो आणि मनगट मोडतं. ओपीडीत हेच येतं. बाजारातल्या किटमध्ये हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड असतात. मनगटाला बऱ्याचदा नुसते हातमोजे देतात, त्यांचा उपयोग खरचटण्यापुरता. आत कडक पट्टी असलेले रिस्ट गार्ड वेगळे मागा, मोठ्यांसाठी तर नक्कीच. तोल गेला असं वाटलं की उभं राहण्याची धडपड न करता गुडघे वाकवून खाली बसत बाजूला, कुल्ल्यावर पडायचं. हे पडणं घरी गादीवर करून बघा. हसू येईल, येऊ द्या.

सासऱ्यांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का?

गोडोलीची सून

@हाडांचा डॉक्टर, हो, चालू आहे.

हाडांचा डॉक्टर

मग स्केट्स अजिबात नाहीत. खुर्ची कोर्टच्या बाहेर, जाळीपलीकडे. त्यांना व्हिडिओ काढायचं काम द्या, आणि हे मी सांगितलं असं सांगा, म्हणजे तुमच्यावर नको.

गोडोलीची सून

सगळ्यांचे आभार. आज एका सरांना भेटून आले. नाताळच्या सुट्टीत रविवारी सकाळचा तास द्यायला ते तयार आहेत, स्वतः थांबणार आहेत. इनलाइनच्या दोन जोड्या आहेत, ब्रेकसकट, मी हात लावून बघितला. रिस्ट गार्ड पुण्याहून मागवते. पोरांच्या बुटांचे नंबर त्यांनी मागितलेत, नणंदेला विचारलं तर ती तिकडचे नंबर सांगतेय. ते इथे लागू होतात का?

चाकोरी

नाही, तिकडचा आणि आपला नंबर वेगळा. सेंटीमीटर मागवा. कागदावर मोजा घालून उभं करायचं, टाच भिंतीला टेकवायची, सर्वांत लांब बोटापाशी खूण करायची आणि दोन्ही पाय मोजायचे, मोठा येईल तो धरायचा. भाचा १३चा आहे, दोन महिन्यांत पाय वाढतो, तेव्हा निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा मोजायला सांगा. मोजे पातळ पण पोटरीपर्यंतचे हवेत, घोट्यापर्यंतचे नकोत. बुटाची कड लागून साल निघते.