अनुभव धागा: फिलिपिन्सचा रूप पालटणारा आस्वांग

दिवसा शेजारी म्हणून वावरणारा आणि रात्री कुत्रा, डुक्कर किंवा पक्षी होणारा, माणसांचे रक्त-मांस खाणारा आस्वांग हा पिशाच्च फिलिपिन्सच्या लोकसमजुतींत जुना आहे. हुआन दे प्लासेन्सिया या पाद्र्याने १५८९ साली तागालोग लोकांविषयी लिहिताना त्याची नोंद केली होती. तिथे राहिलेल्या किंवा तिथल्या माणसांसोबत काम केलेल्या सभासदांनी आपले अनुभव लिहावेत.

दर्यावर्दी: मी मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. आमचा ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा खलाशी, फिलिपिन्सच्या पनाय बेटावरचा होता. बंदरात मुख्य इंजिन बंद केल्यावर एक्झॉस्टचे तापलेले पाइप निवताना टिकटिक वाजत असत आणि तो आवाज जसजसा मंदावत जाई, तसतसा हा गडी अस्वस्थ होई. त्याच्या गावी आस्वांगसोबत येणाऱ्या पाखराची टिकटिक मोठी असेल तर तो लांब आहे आणि क्षीण झाली तर तो अंगणात आला आहे, असे मानतात. तेव्हापासून मलाही शांत इंजिन रूम आवडत नाही.

दावावकर: मी फिलिपिन्सच्या दावाव शहरात वैद्यकीय शिक्षण घेत असताना घरमालकिणीची लेक गरोदर होती. कमरेपासून वेगळी होऊन उडणारी मनानांगाल (आस्वांगचाच एक प्रकार) छपरातून लांब जीभ सोडून गर्भ शोषते, म्हणून खिडकीत लसूण व मीठ ठेवले होते आणि दाराशी पाकट माशाची वाळलेली शेपटी टांगली होती. छप्पर मात्र काँक्रीटचे होते! मी हसले नाही, कारण माझ्या जन्मानंतर आजीने आईच्या उशाखाली विळा ठेवला होता.

वाचनमात्र: माझा अनुभव नाही, वाचलेले सांगतो. १९५० च्या दशकात फिलिपिन्स सरकारशी लढणाऱ्या हुक या कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध आस्वांगची भीती वापरली गेली. आस्वांगनेच मारले असे वाटावे म्हणून बंडखोरांच्या गस्तीतल्या शेवटच्या माणसाला पकडून, त्याच्या मानेला दोन भोके पाडून आणि रक्त काढून प्रेत वाटेवर टाकल्याचे अमेरिकी अधिकारी एडवर्ड लॅन्सडेल यांनी स्वतः लिहिले आहे.

दुबईकर: माझी सहकारी परिचारिका पनायवरच्या कापिस प्रांतातली आहे आणि हा प्रांत आस्वांगचे माहेर म्हणून बदनाम आहे. तिच्या मामाला लुबाग हा आनुवंशिक आजार होता. त्यात स्नायू आपोआप पिळवटतात, मान व तोंड वाकडे होते. पनायवर तो विशेष आढळतो आणि कापिसच्या बदनामीमागे हे रुग्ण असावेत, असे काही अभ्यासकांना वाटते. मामाच्या घरावरून जाताना शाळकरी मुले पळत सुटत. कोणी गाव विचारले की माझी सहकारी अजूनही शेजारच्या इलोइलो प्रांताचे नाव सांगते. कापिस हे नाव तिने मला तिसऱ्या वर्षी सांगितले.