शेततळ्याच्या खोदाईत निघालेलं पांढरं: चुनखडी, गारगोटी की आणखी काही?

मोहोळ_शिवार
राम राम मंडळी. मोहोळ तालुक्यात शेततळ्याची खोदाई चालू आहे. वर अडीच फूट काळी माती, खाली तीनेक फूट पांढरे खडे असलेला मुरूम, मग मांजऱ्या दगड लागला. दगडात पांढरे ठिपके, काही पोकळ्यांत चकाकणारे खडे आणि मधेमधे हिरवा लेप आहे. जेसीबीवाला सगळ्यालाच चुनखडी म्हणतो. शेजारच्या तुकड्यात डाळिंब लावायचंय. मुरमातलं आणि दगडातलं पांढरं एकच का? घरी कसं ओळखायचं? हा मुरूम डाळिंबाच्या पट्ट्यात पसरला तर चालेल का? आधी जिप्सम टाका म्हणजे चुना मोडेल, असाही एकाने सल्ला दिलाय.

पाषाणभेद
एकच नाही, दोघांचा जन्मच वेगळा. सोलापूरचा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. थर थंड होताना वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकले, त्या पोकळ्या म्हणजेच मांजऱ्या. पुढे दगडातून झिरपलेल्या गरम पाण्याने त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं भरली. हिरवा लेप बहुतेक सेलॅडोनाइटचा असतो. तो तांब्याचा नाही, त्यामागे पैसा घालवू नका.

मुरमातली चुनखडी मात्र मातीतच तयार झालेली आहे. बेसाल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं कुजली की कॅल्शियम सुटतं. कोकणात पाऊस ते धुऊन नेतो. आपल्याकडे पाऊस कमी, पाणी थोडं खाली उतरून वाळून जातं आणि चुना तिथेच बसतो. म्हणून ती एका ठरावीक खोलीवर पट्ट्यासारखी दिसते.

घरी ओळखायला एक काच, एक पोलादी सुरी आणि पांढरं व्हिनेगर पुरे. खडा धुवा, फोडा आणि ताजी बाजू तपासा, कारण वरच्या चुन्याच्या धुळीमुळे झिओलाइटसुद्धा फसफसल्यासारखं वाटतं. आधी साध्या पाण्याचा थेंब टाका. कोरड्या सच्छिद्र दगडातून हवा बाहेर येते, तेव्हाही बुडबुडे दिसतात. ते थांबल्यावर व्हिनेगर. चुनखडी आणि कॅल्साइट दोन्ही फसफसतात, झिओलाइट आणि गारगोटी नाही. फसफस मंद वाटली तर खड्याची पूड करून पुन्हा बघा.

जे फसफसलं नाही ते काचेवर घासा. गारगोटीचा कठीणपणा (१ ते १० च्या मोहस मापावर) ७, काचेवर ओरखडा उठतोच. पण ओरखड्यावरून बोट फिरवून बघायला विसरू नका: पुसला गेला तर ती मऊ खनिजाचीच पूड होती. आपल्या दगडातली नेहमीची झिओलाइटं काचेपेक्षा मऊ, सुरीने खरवडता येतात. त्यातलं स्टिल्बाइट पेंढीसारखं बांधलेलं आणि मोत्यासारखं चमकणारं असतं, स्कोलेसाइटच्या बारीक सुया असतात. कॅल्साइटही सुरीने खरवडतं (कठीणपणा ३), म्हणून सुरीवर निकाल लावू नका. फसफशीवरच लावा.

मोहोळ_शिवार
साहेब, व्हिनेगरऐवजी फरशी धुवायचं ॲसिड चालेल का? घरात आहे.

पाषाणभेद
नको. त्याची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते आणि वाफही त्रासदायक. वापरायचंच असेल तर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, नऊ भाग पाण्यात एक भाग ॲसिड हळूहळू ओता. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका.

काळी_जमीन
डाळिंबाचं सांगतो. दगडातल्या झिओलाइटने झाडाचं काही बिघडत नाही. चिंता चुन्याची, आणि तीही खड्यांपेक्षा भुकटीची. मोठ्या खड्याचं पृष्ठफळ कमी, तो हळू विरघळतो. पिठासारखा चुना मातीच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढवतो, सामू (पीएच) ८.२ च्या आसपास धरून ठेवतो आणि लोह झाडाला मिळेनासं होतं. मग कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. त्यात ठिबक जास्त वेळ चालवून मुळाशी सतत ओल ठेवली की पिवळेपणा आणखी वाढतो.

म्हणून मुरूम पट्ट्यात पसरू नका. त्यातली भुकटी नेमकी मुळाशी जाईल. लागवडीआधी ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंमी असे वेगवेगळे नमुने घ्या. प्रयोगशाळेत सामू आणि क्षारतेबरोबर 'मुक्त चुना' तपासायला स्पष्ट सांगा. तिथे माती २ मिमी चाळणीतून चाळतात, त्यामुळे खडे बाजूला पडतात आणि आकडा भुकटीचा येतो. आपल्याला तोच हवा. तो १० टक्क्यांच्या पुढे गेला तर तो तुकडा डाळिंबाला देऊ नका. आणि चुनखडीचा सलग कडक थर वर आला असेल तर नुसता खड्डा घेऊन भागत नाही. थर फोडला नाही तर खड्ड्यात पाणी साचतं.

जिप्समचा सल्ला चुकीचा आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि तुमच्या मातीत कॅल्शियमची कमी नाहीच. ते चोपण जमिनीसाठी असतं, जिथे सोडियम जास्त आणि सामू ८.५ च्या वर असतो. गंधकाने चुना विरघळतो हे खरं, पण हिशोब बघा. एकरभर १५ सेंमी माती साधारण ९ लाख किलो, तिच्यात १ टक्का चुना म्हणजे ९ टन. तो संपवायला जवळपास ३ टन गंधक लागेल. चुना काढायच्या नादी न लागता लोह पुरवा: फेरस सल्फेट शेणखतात मुरवून मुळाशी, आणि लक्षण दिसलं की ०.५ टक्के फवारणी, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. जमिनीतून चिलेट (लोह धरून ठेवणारं संयुग) द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ईडीटीएमधलं लोह अशा सामूला टिकत नाही.

सीनाकाठ
तळ्याबद्दल एक. मांजऱ्या दगड पाणी धरणार नाही, अस्तर लागेलच. ५०० मायक्रॉनचा कागद अंथरण्याआधी तळावर आणि बाजूंवर बाहेर आलेली गारगोटीची टोकं तोडून घ्या, मग चाळलेल्या मातीचा १० सेंमी थर नीट दाबून द्या. तेवढं न केल्यास पाण्याच्या वजनाखाली कागद पहिल्याच भरतीत टोचला जातो, आणि भोक सापडणं फार अवघड जातं.