मदत हवी आहे: विमानाच्या ग्रुपमध्ये हिस्सा घेतोय, शनिवारी टोकन द्यायचंय

कोपरी_पूर्व
पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) आहे. सहा जणांच्या ग्रुपमधला एक जण बाहेर पडतोय, त्याचा हिस्सा मिळतोय. सहा लाख, वर महिना बारा हजार आणि तासाला सहा हजार. दर बरोबर आहे का, एवढंच सांगा. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतात, शनिवारी टोकन द्यायचंय. 'घेऊ नका' हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतोय.

सानपाडा_ट्रिमटॅब
घोडबंदरला फ्लॅट आहे, भाव बरोबर का, असं विचारल्यासारखं झालं. विमान कोणतं? उभं कुठं असतं? तासाचे सहा हजार इंधनासकट की कोरडे? टॅकचा तास (इंजिनाच्या फेऱ्यांवरून मोजलेला) की हॉब्जचा (घड्याळाचा)? इंजिन किती चाललंय?

कोपरी_पूर्व
सेस्ना १५२. धुळ्याला. इंधनासकट. टॅक. इंजिन चांगलं आहे म्हणाले.

खारेगाव_नाका
ठाण्याहून धुळं तीनशे किलोमीटर. पहाटे निघालात तरी कसारा, नाशिक, मालेगाव करत पोचेस्तोवर ऊन चढतं. मे महिन्यात ४२ अंशांना तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ४३०० फुटांच्या आसपास जाते आणि ११० हॉर्सपॉवरचं इंजिन तेव्हा चढताना रडतं. म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आला. तो खर्च धरलाय का?

वाशी_सेक्टर१७
एवढ्या लांब कशाला? दारात नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय, तिथे आणून ठेवा की.

सानपाडा_ट्रिमटॅब
२५ डिसेंबर २०२५ पासून तिथे एअरलाइन्सची विमानं उतरतायत. त्यांच्या मागे वेक टर्ब्युलन्समध्ये (हवेतल्या भोवऱ्यांत) ७५७ किलोची सेस्ना आणायची, आणि पार्किंगच्या बिलात हिस्सा विकायचा. असो. धाग्यावर या.

बेलापूर_ताळेबंद
हिशेब करतो. महिना बारा म्हणजे वर्षाला १,४४,००० ठरलेले, पावसाळ्यात चाक हललं नाही तरी. वर्षाला ४० तास उडवलंत तर तासाला ३६०० अधिक ६०००, म्हणजे ९६००. पंधराच तास उडवलंत तर १५,६००. तुमच्या क्लबचा दर समजा १४,००० असेल, तर वर्षाला १८ तासांच्या खाली क्लबच स्वस्त. यात सहा लाखांचं व्याज आणि खारेगाव म्हणतात तो प्रवास धरलेला नाही. तुम्ही वर्षाला किती तास उडवता?

ऐरोली_९१२
१५२ जुनाट झाली. ग्रुपला सांगा, विकून टाका आणि रोटॅक्स ९१२ इंजिनवालं घ्या. तासाला १८ ते २० लिटर, तेही पंपावरचं साधं पेट्रोल. ॲव्हगॅसची (विमानाच्या खास पेट्रोलची) कटकटच नाही.

माजिवडा_मॅग्नेटो
पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे. रोटॅक्सची मर्यादा १० टक्के. इथेनॉल पाणी ओढतं, रबरी होज आणि कार्ब्युरेटरचे फ्लोट बिघडवतं, गरम दुपारी व्हेपर लॉक (नळीत इंधनाची वाफ अडकणं) वेगळा. हा सल्ला पाच वर्षांपूर्वी दिला असतात तर वाद घातला नसता.

ऐरोली_९१२
मग ९१२ ला ॲव्हगॅस घाला, चालतं.

माजिवडा_मॅग्नेटो
चालतं, पण त्यातल्या शिशामुळे तेल दुप्पट वेळा बदलायचं. कटकट परत आलीच. आणि पाच जणांना विमान विकायला लावणं हा नवीन सभासदाचा पहिला ठराव असू नये. कोपरी, 'चांगलं आहे' हे उत्तर नाही. टॅकचा आकडा सांगा, शेवटच्या ओव्हरहॉलपासूनचा (इंजिन पूर्ण उघडून नवं केल्यापासूनचा). आणि इंजिन फंडात किती पैसे आहेत तो.

कोपरी_पूर्व
२१५०. फंड चार लाख. वर्षाला २५ तास उडवीन. पण मी दर विचारला होता.

बेलापूर_ताळेबंद
हाच दर. या इंजिनाचा टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधले ठरवून दिलेले तास) २४०० तास. ओव्हरहॉलचा खर्च एएमईकडून (विमानाच्या लायसन्सवाल्या मेकॅनिककडून) लेखी घ्या, इथे समजण्यापुरते वीस लाख धरतो. तासाला ८३३ रुपये बाजूला पडायला हवे होते. २१५० तासांचे झाले जवळजवळ १८ लाख, डब्यात आहेत ४. तूट १४, सहात वाटली तर प्रत्येकी २ लाख ३३ हजार. म्हणजे हा हिस्सा सहाचा नाही, सव्वाआठच्या वरचा आहे. जाणाऱ्याने स्वस्तात तास उडवून घेतले आणि बिल तुमच्या ताटात वाढलं. ही तूट त्याच्या किमतीतून वजा करून मागा.

खारेगाव_नाका
टीबीओ झाला म्हणजे इंजिन लगेच फेकायचं असं नाही.

माजिवडा_मॅग्नेटो
मान्य. कंडिशन बघून ठरवा. पण बघा तर! शेवटच्या १०० तासांच्या इन्स्पेक्शनमधले कंप्रेशनचे (सिलिंडर किती दाब धरतो त्याचे) चार आकडे मागा, ८० पैकी. चारही ७० च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर ठीक. एखादा ६० च्या खाली असेल तर सिलिंडर उतरणार. तेलाचा फिल्टर दर ५० तासांनी कापून बघतात का विचारा. कागदाच्या घड्या पिळून उजेडात धरल्या की धातूची चमक दिसते, चुंबकाला चिकटली तर पोलाद. या लायकमिंग इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या वर असतो, विमान उभं राहिलं की तेल खाली उतरतं आणि पावसाळ्यात कॅम गंजतो. म्हणून जून ते सप्टेंबरच्या टॅकच्या नोंदी बघा. 'दर रविवारी दहा मिनिटं चालू करतो' असं म्हणाले तर ते वाईट आहे. तेल तापत नाही, उलट आत पाणी साठतं.

आणि काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडायला लावा. नाकाच्या चाकामागे फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचा) खालचा पत्रा बघा. तिथे सुरकुत्या असतील तर कधीतरी विमान नाकावर आदळलंय, लॉगबुक काहीही म्हणो.

कळवा_विंडसॉक
पीपीएलसाठी वय १७ पूर्ण लागतं, ४० तास उड्डाण आणि क्लास २ मेडिकल. आधी ते करून घ्या.

कोपरी_पूर्व
पहिलं वाक्य वाचा हो दादा.

सानपाडा_ट्रिमटॅब
कागदांचं कोणीच बोललं नाही. नोंदणी कुणाच्या नावावर आहे? कंपनीच्या असेल तर तुम्ही विमान घेत नाही, शेअर घेताय. मग कंपनीचं कर्जही बघा. विमा पॉलिसीत पायलटची नावं आणि किमान तासांची अट असते, तुमचं नाव चढेपर्यंत चाकाला हात लावू नका. डिडक्टिबल (क्लेममधला आपल्या खिशातला वाटा) कोण भरणार, उडवणारा की सगळे? कोणी महिना थकवला तर काय? बाहेर पडताना हिस्सा आधी इतरांना विचारायचा का? हे सगळं ५०० च्या स्टॅम्पवर हवं, व्हॉट्सॲपवर नको. आणि सभासद नसलेल्याकडून तासाचे पैसे घेतात का, हळूच विचारा. घेत असतील तर ते खाजगी विमान भाड्यानं देणं झालं. विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

बेलापूर_ताळेबंद
शनिवार-रविवारच्या बुकिंगचा नियमही. सहा जण, एक विमान, आणि सगळ्यांना नोव्हेंबरातलीच सकाळ हवी असते.

माजिवडा_मॅग्नेटो
वजनही काढा. रिकामी १५२ साधारण ५२० किलो, टाक्या भरल्या की ६७. दोघांसाठी उरतात १७०. बायकोला घेऊन जायचं असेल तर दोघांचं बेरजेत बघा, तेही बॅगेसकट.

कोपरी_पूर्व
फिल्टरचं विचारलं. 'एवढं कोण बघतं' म्हणाले. कंप्रेशनचा कागद सोमवारी पाठवतो म्हणाले, पण टोकन शनिवारीच हवंय. नाही देत आहे. तूट वजा करून ३ लाख ६७ हजार सांगितले, तर फोन ठेवला.

वाशी_सेक्टर१७
तुम्ही नसाल घेत तर त्यांचा नंबर द्या ना.