मदत हवी आहे: जॉबवर्कला गेलेल्या कास्टिंगचा हिशेब जुळत नाही

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची छोटी फाउंड्री आहे आणि तिथले उत्पादन-नियोजन गेली सहा वर्षे मी पाहते. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या प्रकारांची कास्टिंग (ओतीव नग) ओतून, फेटलिंग (जादा धातू काढून साफसफाई) करून आम्ही ती चार मशीन शॉपना जॉबवर्कसाठी (आमच्याच मालावर मजुरीने काम करून घेण्यासाठी) पाठवतो आणि मशीनिंग होऊन आलेला माल तपासून ग्राहकाला देतो.

गेल्या महिन्यात एका बेअरिंग हाउसिंगचे १,८४० नग एका मशीन शॉपकडे शिल्लक असल्याचे आमची ईआरपी (साठ्याच्या नोंदींची संगणक-प्रणाली) दाखवत होती. त्या भरवशावर मी ग्राहकाला तारीख कळवली. शंका आली म्हणून स्वतः जाऊन मोजले, तेव्हा १,३१० नगच भरले. कमी पडलेले ५३० नग नव्याने ओतावे लागले आणि डिस्पॅच नऊ दिवस लांबला. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते, त्यामुळे चुकीच्या आकड्यापायी घेतलेली प्रत्येक जादा हीट (भट्टीची एक खेप) मला डाचते.

मी शोध घेतला तेव्हा काही कारणे हाती लागली. फाउंड्रीतून माल किलोवर निघतो आणि मशीन शॉप तो नगावर घेते. मधला हिशेब आम्ही ठरलेल्या एका वजनाने करतो, पण पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) झिजला किंवा साचा कमी घट्ट बसला की कास्टिंगचे वजन बदलते, आणि हजार नगांमागे हा फरक मोठा होतो. एकाच वस्तूला ग्राहकाचा पार्ट नंबर, आमचा पॅटर्न नंबर आणि मशीन शॉपमधले बोलीतले नाव अशी तीन नावे आहेत. मालासोबतचे चलन दुपारी निघते आणि त्याची नोंद रात्री किंवा दुसऱ्या दिवशी असा माणूस करतो, ज्याने तो माल पाहिलेलाही नसतो.

हीट नंबरची गोष्ट याहून गंभीर आहे. स्पेक्ट्रोचा (धातूतील घटकांच्या तपासणीचा) रिपोर्ट प्रत्येक हीटचा आमच्याकडे असतो, परंतु नगावर हीट नंबर आम्ही रंगाने लिहितो आणि मशीनिंगमध्ये तो निघून जातो. तीन आठवड्यांनी बोअरमध्ये (मशीनिंग केलेल्या भोकात) ब्लोहोल (ओतताना वायूमुळे राहिलेली पोकळी) उघडे पडले, तर तो नग कोणत्या हीटचा हे सांगता येत नाही आणि मग संशयापोटी चांगला मालही अडवून ठेवावा लागतो. शिवाय जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरले जाते, आणि आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचे जीएसटी विवरण) आम्ही याच नोंदींवरून भरतो.

एका सल्लागारांनी चारही मशीन शॉपना मोबाइल अॅप आणि बारकोड द्यावेत असे सुचवले आहे. खर्च आमच्या मानाने मोठा आहे. आधी अॅप घ्यावे, नावांची यादी एक करावी, की हीट नंबरचा प्रश्न सोडवावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीचे स्टोअर्स बावीस वर्षे सांभाळले आहे. आपली कारणे बरोबर आहेत, पण ५३० नगांची तूट नुसत्या वजनाच्या फरकाने पडत नाही.

मशीन शॉपच्या हातून नग बिघडला, तर कास्टिंगची किंमत आपण त्याच्या बिलातून कापता का? कापत असाल, तर तो बिघडलेला नग लगेच दाखवणार नाही. पुढच्या लॉटमध्ये भरून काढू या आशेने तो कोपऱ्यात ठेवतो आणि कागदावर ते नग ‘शिल्लक’ म्हणून फुगत जातात. आपण मोजलेले १,३१० हे रॅकवरचे असतील. मागच्या शेडमधले पिंप एकदा पाहावे. आमच्याकडे असेच निघाले होते. खरे सांगितल्यावर खिशाला चाट बसत असेल, तर कोणतेही अॅप खरी नोंद आणून देणार नाही.

आम्ही मशीनिंगच्या रिजेक्शनची एक ठरावीक टक्केवारी मान्य केली आणि त्यापुढचा नग दोन दिवसांत कळवला तर अर्धीच कपात असा करार केला. पाठवलेले नग म्हणजे चांगले परत आलेले, अधिक कास्टिंग रिजेक्शन (ओतण्यातल्या दोषाने बाद), अधिक मशीनिंग रिजेक्शन (मशीनिंगमध्ये बाद), अधिक शिल्लक, हा ताळा दर शनिवारी दोघांच्या सहीने होऊ लागला. वजन फक्त भट्टीच्या हिशेबाला ठेवा. गेटबाहेर सगळीकडे नगच धरा. हीट नंबरासाठी पॅटर्नवर मशीनिंग न होणाऱ्या जागी बदलता येणारे आकडे बसवा, म्हणजे तो ओततानाच नगावर उठतो. नावांच्या यादीला आपल्याला आठवडा पुरेल. अॅप त्यानंतर पाहा.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. आपला प्रतिसाद वाचून काल पुन्हा गेले आणि त्या मशीन शॉपच्या मालकांशी शांतपणे बोलले. शेडमागे ४१२ नग निघाले, त्यांतल्या बऱ्याच नगांचे बोअर मोठे झालेले आहेत. किंमत आम्ही आजवर पूर्ण कापत आलो आहोत, हे इथे प्रामाणिकपणे लिहिते. या जुन्या नगांची कपात माफ करून पहिल्या शनिवारपासून नवा ताळा सुरू करावा असे मी आमच्याकडे मांडणार आहे.

एक गोष्ट अजून विचारायची आहे. काही नगांत ब्लोहोल आहे आणि बोअरही मोठे झाले आहे. असा नग आपण कास्टिंग रिजेक्शनमध्ये धरत होता की मशीनिंगच्या, आणि तो निर्णय कोण करत असे?