कोकम सरबताच्या चवीबद्दल साध्या गिऱ्हाइकांना नीट विचारायचं कसं?

कोकमवाली: आमचा सावंतवाडीकडचा बचत गट कोकम सिरप करतो. साखर नि जिरं कमीजास्त करून पाच प्रकार केलेत, त्यातला विकायला कुठला काढायचा ते ठरवायचंय. ज्याला द्यावं तो "मस्त झालंय" म्हणून ग्लास खाली ठेवतो, पुढे काही बोलतच नाही. चव ओळखायचं ट्रेनिंग दिलेल्या लोकांचं पॅनल बसवणं आम्हाला झेपणारं नाही. लवकर होणारी पद्धत आहे का?

चवचाचणी: ताई, 'चेक ऑल दॅट अप्लाय' करा, सीएटीए म्हणून शोधा. पंधरा-वीस शब्दांची यादी द्यायची, घोट घेतला की जे जे लागू पडेल त्यावर टिक, बस. पण शब्द लोकांच्या तोंडचे हवेत, तुरट, पाणचट, घशाला लागतं, जिरं फार पुढे येतं असे. आधी पाचसहा जणांपुढे दोन दोन ग्लास ठेवून फरक विचारा, असे शब्द भराभर निघतात. 60 ते 80 माणसं मिळाली तर निकालावर भरवसा ठेवता येतो. शब्दांचा क्रम दर कागदावर बदला, नाहीतर लोक वरचे टिक करतात नि खालचे वाचत नाहीत. ग्लासांवर तीन आकडी नंबर टाका, कुठला आधी द्यायचा तेही फिरवत राहा.

नकाशावाला: नॅपिंग, म्हणजे चवीचा नकाशा, का नको? 60 बाय 40 सेंमीचा कागद, त्यावर चवीला सारखे वाटणारे ग्लास जवळ ठेवायचे, वेगळे वाटणारे लांब. फ्रान्सात संख्याशास्त्रज्ञ जेरोम पाजेस यांनी लुआर खोऱ्यातल्या वाइन घेऊन केलं होतं.

चवचाचणी: पद्धत चांगलीच आहे दादा, पण त्यात सगळे ग्लास एकदम पुढे ठेवून पुन्हा पुन्हा चाखावे लागतात आणि कोकमाचा तुरटपणा जिभेवर साठत जातो, दोनतीन ग्लासांनंतर तोंड कोरडं पडतं मग फरक काय कळणार. शिवाय उद्या सहावा प्रकार आला की सगळं पहिल्यापासून. सीएटीएमध्ये एकेक ग्लास देता येतो, मध्ये साधं पाणी, थोडे कुरमुरे नि जरा थांबायचं.

कोकमवाली: पण मग आवडलं की नाही ते कधी विचारायचं?

चवचाचणी: यादी हातात द्यायच्या आधी, किती आवडलं त्याला 1 ते 9 मध्ये मार्क द्यायला सांगा. शेवटी त्याच यादीवर "तुमच्या मनासारखं कोकम सरबत कसं असावं" तेही टिक करून घ्या. मग 'पाणचट' म्हणणाऱ्यांनी मार्क किती कमी दिले ते दिसतं, साखर बदलायची की जिरं हे त्यावरून ठरवा.

आकडेमोड: टिकांची मोजणी एक्सेलमध्ये होईल. फरक खरा की योगायोग ते बघायला कॉक्रन क्यू टेस्ट करा, 'आर' नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे त्यात होते. पण 'किती' तुरट ते टिकेवरून कळत नाही, ते हवं असेल तर प्रत्येक टिकेपुढे कमी-मध्यम-जास्त ठेवा.

कोकमवाली: आठवडी बाजारात केलं तर?

चवचाचणी: चालेल की. सिरप एकाच मापाने, एकाच पाण्यात कालवा, सगळे ग्लास सारखेच गार ठेवा. आणि सोबत आलेल्यांना वेगवेगळं बसवा, एकाने "तुरट आहे" म्हटलं की बाकीचे तेच टिक करतात.