/२६ केल्यावर एनव्हीआर पिंग होत नाही, सबनेटिंगमध्ये काय चुकलं?

हळद_पेठ:
सांगली मार्केट यार्डातल्या अडत पेढीचं नेटवर्क आहे. आधी सगळं १९२.१६८.१.०/२४ मध्ये होतं. आता त्याचे तुकडे (सबनेट) केलेत: ०/२६ मध्ये ३५ कॉम्प्युटर आणि ६४/२६ मध्ये २४ कॅमेरे व एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र). राउटरच्या दोन पोर्टना .१ आणि .६५ (पत्त्याचा शेवटचा आकडा) दिलेत, दोन्हीकडे वेगळा स्विच. .२० च्या कॉम्प्युटरवरून .६५ पिंग होतं (तपासणीच्या हाकेला उत्तर येतं), पण .७० चा एनव्हीआर गप्प. केबल बदलून झाली, फायरवॉलमध्येही अडवलेलं काही नाही.

मिरज_जंक्शन:
एनव्हीआरचा मास्क (आपलं नेटवर्क कुठवर आहे ते सांगणारा आकडा) बघा. बहुतेक अजून जुन्या /२४ चा २५५.२५५.२५५.० च असेल.

/२६ चा मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणजे ६४-६४ चे गाळे: ०, ६४, १२८, १९२ पासून सुरू होणारे. कॉम्प्युटरला कळतं की ७० दुसऱ्या गाळ्यात आहे, म्हणून तो पॅकेट राउटरकडे देतो आणि ते एनव्हीआरपर्यंत नीट पोचतं. घोळ परतीच्या वाटेवर आहे. जुन्या मास्कमुळे एनव्हीआरला २० शेजारीच वाटतो. त्यामुळे गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राउटरकडे) न जाता तो आपल्याच स्विचवर एआरपीने (पत्त्यावरून यंत्र शोधायची पद्धत) "२० कोण आहे?" अशा हाका मारत बसतो. ही हाक ब्रॉडकास्ट (गाळ्यातल्या सगळ्यांना एकदम) असते, राउटर ती पलीकडे सोडत नाही.

मास्क २५५.२५५.२५५.१९२ करा, गेटवे .६५. गेटवे .१ राहिला असेल तर तोही चुकीचा, तो त्या गाळ्यातच नाही. कॅमेऱ्यांचेही मास्क एकेक करून बदला. रेकॉर्डिंग चालू दिसतंय यावर जाऊ नका. कॅमेरे आणि एनव्हीआर एकाच स्विचवर आहेत, त्यामुळे चुकीच्या मास्कवरही ते चालतं.

यार्ड_लॅन:
.६३ आणि .१२७ कुणाला देऊ नका, ते ब्रॉडकास्ट. .० आणि .६४ नेटवर्कचे. राउटर धरून गाळ्यात ६२ पत्ते. डीएचसीपीचा (आपोआप पत्ते वाटणारी सोय) पूल जुना .१०० ते .२०० असेल तर तोही बदला.

बाकी खाजगी पत्ते एवढे मुबलक असताना ही काटकसर कशाला? ऑफिसला १९२.१६८.१०.०/२४, कॅमेऱ्यांना १९२.१६८.२०.०/२४ द्या. उद्या तासगावचं कोल्ड स्टोरेज व्हीपीएनने (इंटरनेटवरून खाजगी जोडणी) जोडायचं ठरलं आणि तिकडेही १९२.१६८.१ च निघालं, तर सगळं पुन्हा उपसावं लागेल.

हळद_पेठ:
मास्कच होता! आता पिंग येतंय. गिऱ्हाइकांच्या वायफायला १२८/२७ पुरेल का?

मिरज_जंक्शन:
३० पत्ते, त्यातला एक राउटरचा, म्हणजे २९ फोन. सौद्याच्या दिवशी दुपारपर्यंत संपतील, कारण निघून गेलेल्या फोनचा पत्ताही लीज (पत्ता वापरायची मुदत) संपेपर्यंत अडकून राहतो. १२८/२५ घ्या, १२६ मिळतील, आणि लीज १ तास ठेवा.

आणि सबनेट वेगळं केलं म्हणजे कुलूप लागलं असं नव्हे. राउटर दोन्हीकडची पॅकेटं इकडून तिकडे नेतोच. वायफायकडून ऑफिस आणि कॅमेऱ्यांकडे जाणारं सगळं अडवणारा नियम फायरवॉलमध्ये टाका, मगच पासवर्ड भिंतीवर चिकटवा.