‘कल्ट’ भयपटांचे चाहते : उत्साह, वेड, नाद की आणखी काही?

प्रश्न

डॉन कॉस्करेली यांच्या ‘फॅन्टॅझम’ या अमेरिकी भयपटांच्या चाहत्यांवर एक लेख लिहिताना मी शब्दांपाशी अडलो आहे. पहिला चित्रपट १९७९ सालचा आणि पाचवा २०१६ सालचा. या काळात त्यांचे नाव कधी घरोघरी पोहोचले नाही, पण ज्यांना ते आवडले त्यांनी ते जिवापाड जपले. अशा चित्रपटांना इंग्रजीत ‘कल्ट’ म्हणतात. ‘पंथीय भयपट मालिकेबद्दल चाहत्यांचा उत्साह’ असे मी लिहून पाहिले, पण वाचणाऱ्याला एखाद्या धर्मपंथावरचा चित्रपट वाटेल अशी भीती आहे. ‘कल्ट’ला आणि या उत्साहाला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रतिसाद १

आपली भीती रास्त आहे. ‘कल्ट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दात मशागत, जोपासना आणि उपासना असे तिन्ही अर्थ आहेत, तर ‘पंथ’ म्हणजे मुळात वाट आणि मग त्या वाटेने जाणारे लोक. मराठीत ‘पंथ’ म्हटले की प्रवर्तक, अनुयायी आणि आचार हे सगळे ओघाने येते. ‘संप्रदाय’ हा शब्द व्युत्पत्तीने अधिक जवळचा आहे, कारण त्यात एकाने दुसऱ्याकडे सोपवत नेण्याची कल्पना आहे आणि असे कित्येक चित्रपट एकेकाळी व्हिडिओ कॅसेटींच्या रूपाने असेच हातोहात फिरले. तरीही ‘सांप्रदायिक भयपट’ असे छापून आले तर काय अनर्थ होईल, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय ‘कल्ट’ हे विशेषण चित्रपटाला लागत असले तरी ते सांगते प्रेक्षकांविषयी. १९७५ सालच्या ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’चे उदाहरण पाहा. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि पात्रांसारखे कपडे घालून येणे, पडद्यावरच्या संवादांना मोठ्याने उत्तरे देणे हा त्या खेळांचा जणू विधीच होऊन बसला. चित्रपट तोच होता. त्याला ‘कल्ट’ केले ते समोर बसलेल्यांनी. हा अर्थ पेलणारा रुळलेला मराठी शब्द माझ्या पाहण्यात नाही. मराठी चित्रपटसमीक्षेत ‘कल्ट’ आता सर्रास वापरला जातो; तो तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी अर्ध्या वाक्यात उलगडून सांगावा.

‘मालिका’ मात्र एकटा वापरू नये, कारण त्याने दूरचित्रवाणीवरची मालिका डोळ्यांसमोर येते. ‘भयपटमालिका’ हा सामासिक शब्द पुरेसा आहे.

प्रतिसाद २

‘उत्साह’ इथे फारच सपक आहे. उत्साह सणासमारंभाचा असतो, सकाळी असतो आणि संध्याकाळपर्यंत मावळतोही. ‘खूळ’ त्याहून अल्पजीवी, आणि बोलणाऱ्याची नापसंती त्यात आधीच मिसळलेली असते. जी गोष्ट चार दशके टिकते तिला खूळ कसे म्हणावे? ‘छंद’ सौम्य आहे. तो फावल्या वेळात बसतो. ‘वेड’ चालेल, पण हल्ली कशालाही वेड म्हणण्याची पद्धत पडल्यामुळे त्याची धार गेली आहे.

माझे मत ‘नाद’ या शब्दाला आहे. नाद लागतो तेव्हा तो माणसाच्या दिनक्रमात शिरतो आणि इतरांना त्याचे कारण कळत नाही. या दोन्ही छटा इथे हव्या आहेत. फक्त ‘नाद लागणे’ आणि ‘नादी लागणे’ यांतला फरक सांभाळावा. ‘ते फॅन्टॅझमच्या नादी लागले’ असे लिहिले, तर त्यांना कोणीतरी बहकवल्यासारखे वाटते.

प्रतिसाद ३

भयपटांचा विषय असताना ‘झपाटणे’ कोणालाच कसे सुचले नाही? भुताने झपाटणे आणि एखाद्या गोष्टीच्या ओढीने झपाटून जाणे हे दोन्ही अर्थ मराठीत एकाच क्रियापदात नांदतात. इतकी आयती सोय सहसा मिळत नाही. शीर्षक ‘फॅन्टॅझमने झपाटलेले’ असावे, असे मी सुचवतो.

प्रतिसाद २ देणाऱ्यांकडून

शीर्षकासाठी शब्द आकर्षक आहे, पण लेखभर तो वापरला तर अर्थ सांडेल. ‘झपाटलेला’ मनुष्य स्वतः काही करत नाही. जे घडते ते त्याच्यावर घडते. हे चाहते तसे नाहीत. या मालिकेत स्वप्न कुठे संपते आणि घडलेले कुठे सुरू होते हे मुद्दामच धूसर ठेवलेले आहे, आणि त्याचा उलगडा करण्यासाठी ही मंडळी एकेक प्रसंग पुन्हा पुन्हा तपासतात. प्रेते पळवणारा तो उंच, काळ्या सुटातला ‘टॉल मॅन’ नेमका कोण, हवेतून सुसाट येऊन कपाळात पाते रुतवणारा रुपेरी गोळा कशाचा बनलेला आहे, यांवर त्यांचे वाद चालतात. १९८८ सालच्या दुसऱ्या भागात नायक माइकच्या भूमिकेत मायकेल बाल्डविन यांच्याऐवजी जेम्स लेग्रॉस आले, हा बदलही ते गप्प बसून सोडून देत नाहीत. १९९८ सालच्या चौथ्या भागात पहिल्या चित्रपटासाठी चित्रित होऊन न वापरलेली दृश्ये घातलेली आहेत. तरुण माइक आणि वयस्क माइक यांच्यात खरोखरच वीस वर्षे गेलेली त्या दृश्यांमुळे दिसतात, आणि जाणकार चाहता नेमका तिथे थांबून ते दाखवून देतो.

अशा प्रेक्षकाला मराठीत चपखल शब्द आहे, ‘दर्दी’. ‘गर्दी नको, दर्दी हवेत’ असे आपण मैफलीसंबंधी म्हणतो. दर्दी मनुष्याला उणिवा दिसतात, तो त्या बोलूनही दाखवतो, आणि तरी उठून जात नाही. ‘भक्त’ नेमका इथेच कमी पडतो. इंग्रजी ‘फॅन’चा उगम देवळाशी जोडलेल्या लॅटिन शब्दात असल्यामुळे ‘भक्त’ सुचणे स्वाभाविक आहे, पण भक्ताकडून चिकित्सेची अपेक्षा नसते, आणि अलीकडे तो शब्द राजकीय टोमण्यात इतका अडकला आहे की त्याला तिथून सोडवणे कठीण आहे.

पुन्हा पुन्हा पाहण्याला ‘पारायण’ म्हणावे. पुस्तकांबाबत तो प्रयोग रूढ आहेच, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग जाण्याची कल्पना त्यात असल्यामुळे पाचही भाग ओळीने पाहण्याला तो नुसत्या ‘पुन्हा पाहण्या’पेक्षा जास्त शोभतो.

प्रश्नकर्त्याकडून

‘दर्दी’ आणि ‘पारायण’ स्वीकारले. ‘झपाटलेले’ शीर्षकात ठेवतो. एक अडचण उरते. हे चाहते स्वतःला ‘फॅन’च म्हणवतात, पण चित्रपटाच्या नावाशी जुळावे म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एफ’ऐवजी ‘पीएच’ लिहितात. देवनागरीत दोन्ही ‘फ’ सारखेच. गंमत कशी राखावी?

प्रतिसाद १ देणाऱ्यांकडून

ती राखता येणार नाही. हा विनोद कानाचा नसून डोळ्यांचा आहे, आणि आपली लिपी उच्चार लिहिते. नवा शब्द घडवून ओढूनताणून गंमत आणण्यापेक्षा ती सरळ सांगावी: ‘चित्रपटाच्या नावातली आद्याक्षरे उसनी घेऊन हे दर्दी स्वतःच्या बिरुदाचे स्पेलिंगही बदलून लिहितात.’

याच परिच्छेदात अमेरिकी दिग्दर्शक जे. जे. अब्रॅम्स यांचा उल्लेख करता येईल, कारण नावांची देवघेव तिथेही आहे. ते या चित्रपटाचे जुने चाहते आहेत. २०१५ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील कॅप्टन फॅझ्मा या पात्राचे चकचकीत रुपेरी चिलखत पाहून त्यांना तो गोळा आठवला आणि त्यावरून त्यांनी ते नाव ठेवले. पुढे त्यांच्याच कंपनीच्या साहाय्याने पहिल्या ‘फॅन्टॅझम’ची नवी, स्वच्छ केलेली प्रत २०१६ मध्ये प्रेक्षकांसमोर आली. अब्रॅम्स यांना ‘दर्दी’ म्हणावे की ‘चाहते’, हे आपण ठरवावे. मी ‘दर्दी’ म्हणेन.

टॉल मॅन साकारणारे अँगस स्क्रिम जानेवारी २०१६ मध्ये वारले आणि पाचवा भाग त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला, हे लिहिताना ‘चाहत्यांचा उत्साह’ हा प्रयोग कटाक्षाने टाळावा. तिथे ‘ओढ’ लिहा. आणि ‘चाहतावर्ग’ एकवचनी आहे, तेव्हा ‘चाहतावर्ग जमला’ असेच हवे. ‘चाहतावर्ग जमले’ असे अलीकडे छापलेले दिसते, ते चूक आहे.